डोकेदुखीच्या उपचारासाठी आपत्कालीन निधी मोडायचा का?

प्रश्न : मी घरून भाषांतराची कामं घेते. काम झालं तर पैसे, नाहीतर नाहीत. गेली कित्येक वर्षं डोकं दुखतंय. आता महिन्यातले साधारण १६ दिवस दुखतं आणि त्यातल्या ४ दिवसांचं काम पूर्ण बुडतं. न्यूरॉलॉजिस्टनी तपासलं, एमआरआय नॉर्मल आला, मायग्रेन आहे म्हणाले. रोज घ्यायची एक गोळी दिली होती, पण दिवसभर झोप यायची म्हणून मी ती तीन आठवड्यांत सोडली. सध्या महिन्यातले १०-१२ दिवस पेनकिलर घेऊन काढते. एका मैत्रिणीला ॲक्युपंक्चरनं गुण आला. तिच्या केंद्रानं मला २४ सिटिंग आणि सहा महिन्यांची चिनी वनौषधी असं पॅकेज सांगितलं आहे. सगळे पैसे आगाऊ भरले तर २५ टक्के सूट. सूट धरूनही रक्कम आमच्या चार महिन्यांच्या घरखर्चाएवढी होते. त्यात निम्मे पैसे सुयांचे, निम्मे औषधांचे. विम्यातून काही मिळणार नाही. आमचा आपत्कालीन निधी सहा महिन्यांच्या खर्चाचा आहे. तो मोडून हे पॅकेज घ्यावं का?

उत्तर : पॅकेज घेऊ नका. ॲक्युपंक्चर मात्र करून बघायला माझी हरकत नाही. त्यासाठी साधारण एका महिन्याच्या घरखर्चाएवढे पैसे बाजूला काढा, गुण दिसल्याशिवाय त्यापुढे नाही. चिनी औषधांसाठी आत्ता काहीच देऊ नका. हे तिन्ही निर्णय मी का सुचवतोय, ते सांगतो.

आधी सुया. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१६ मध्ये मायग्रेनवर ॲक्युपंक्चर देऊन केलेल्या २२ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात जवळपास ५,००० रुग्ण होते. नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्या १०० रुग्णांपैकी १७ जणांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले, तर सुया घेतलेल्या १०० पैकी ४१ जणांचे. फरक खरा आहे आणि छोटा नाही. पण याच आकड्यांचा अर्थ असाही आहे की सुया घेणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांना एवढा गुण आला नाही. शिवाय त्यातल्या बहुतेकांचा त्रास तुमच्यापेक्षा कमी दिवसांचा होता. म्हणून गुण येईलच असं धरून चार महिन्यांचा खर्च आगाऊ भरणं मला पटत नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक तुलना आहे, आणि पैशाच्या दृष्टीनं मला ती फार महत्त्वाची वाटते. काही रुग्णांना नकली ॲक्युपंक्चर दिलं गेलं, म्हणजे सुई चुकीच्या जागी टोचली किंवा आत गेलीच नाही. त्यांच्यातही १०० पैकी ४१ जणांचे दिवस निम्म्यावर आले. या तुलनेतल्या (त्या वेगळ्या चाचण्या होत्या) खऱ्या सुयांच्या गटात ५०. म्हणजे नेमका कोणता बिंदू निवडला यानं थोडाच फरक पडतो. बराचसा गुण शांत पडून राहणं, कुणीतरी आपल्याकडे नीट लक्ष देणं आणि बरं वाटेल ही आशा यांतूनही येत असावा. तो गुणही खराच, दुखणारं डोकं कमी दुखलं की झालं. मात्र त्यासाठी नामांकित केंद्राचा चढा दर मोजायची गरज नाही. प्रशिक्षित असेल, प्रत्येक वेळी नवी निर्जंतुक सुई वापरत असेल आणि जाण्यायेण्यात तुमचा अर्धा दिवस जात नसेल, असा साध्या दराचा माणूस तुम्हाला पुरेल.

आता सवलतीचा हिशोब. २५ टक्के सूट घेऊन २४ सिटिंगचे पैसे भरणं म्हणजे पूर्ण दरानं १८ सिटिंगचे पैसे भरणं. १८ व्हायच्या आत थांबलात तर सूट घेऊनही तुम्ही तोट्यात. आणि थांबायचं की पुढे जायचं, हे त्याच्या बरंच आधी कळतं. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत सूचना देणाऱ्या नाइस या संस्थेनं २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत डोकेदुखी रोखण्यासाठी ॲक्युपंक्चरचा विचार करताना ५ ते ८ आठवड्यांत जास्तीत जास्त १० सिटिंग असं सांगितलं आहे, आणि मायग्रेनमध्ये तेही ठरावीक औषधं लागू पडली नाहीत किंवा चालली नाहीत तरच. अमेरिकेची मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरचे पैसे देते, तेही टप्प्याटप्प्यानं : ९० दिवसांत १२ सिटिंग, फरक दिसला तर आणखी ८, नाही दिसला तर बंद. (डोकेदुखी त्या योजनेत बसत नाही.) एवढी मोठी योजना आधी निकाल बघून मग पुढचे पैसे सोडते, तर तुम्ही सगळे आधी का द्यायचे?

तुमच्या आकड्यांनुसार पूर्ण दरानं १० सिटिंगना महिनाभराच्या घरखर्चापेक्षा किंचित जास्त पैसे लागतील. गुण आला आणि तुम्ही पुढे २४ पर्यंत गेलात, तर सूट सोडल्याबद्दल एकूण वीसेक दिवसांचा घरखर्च जास्त जाईल. गुण आला नाही तर एकट्या सुयांवरच त्याहून थोडे जास्त पैसे वाचतील. औषधांचे दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे तर तसेही वाचतीलच. गुण येण्याची शक्यता निम्म्याहून कमी असताना मी सूट सोडणं पसंत करेन.

केंद्रवाले कदाचित सांगतील की हा खर्च आपोआप भरून निघतो. तेही तपासून बघू. ब्रिटनमध्ये जुनाट डोकेदुखीच्या ४०१ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेकांना मायग्रेनच होतं, त्यामुळे तो तुमच्या जवळचा आहे. तीन महिन्यांत १२ पर्यंत सिटिंग घेतलेल्यांना इतरांपेक्षा वर्षाला सरासरी २२ दिवस कमी डोकेदुखी झाली. तुमच्या दुखण्याच्या दर चार दिवसांत एक दिवस कामाचा बुडतो. म्हणजे वर्षाला पाच-सहा दिवसांची कमाई वाचेल. त्यातून १० सिटिंगचे पैसेही पहिल्या वर्षात निघणार नाहीत. पण तुम्ही त्या ४१ जणांत निघालात आणि १६ चे ८ दिवस झाले, तर वर्षाला कामाचे २४ दिवस परत मिळतील. ही जवळजवळ महिन्याभराची कमाई झाली. शिवाय ९६ दिवस डोकं न दुखता जातील, त्याची किंमत रुपयांत मांडता येत नाही, पण मी ती मोजतो. म्हणूनच मर्यादित रक्कम लावून बघायला माझा होकार आहे.

औषधांबाबत माझं मत कडक आहे. डोकेदुखीवर चिनी वनौषधी देऊन केलेल्या चाचण्या बहुतेक लहान आणि कच्च्या आहेत, आणि धोका सुयांपेक्षा मोठा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडं खराब झाली. त्यातलं ॲरिस्टोलोकिक ॲसिड कर्करोगही घडवतं, हे सिद्ध झालेलं आहे. तुमच्या विषयाशी याचा थेट संबंध असा, की डोकेदुखीसाठी चीनमध्ये जुन्या सोंग राजवटीपासून वापरात असलेल्या चुआनश्योंग छातियाओ सान या प्रसिद्ध औषधी मिश्रणात शीशिन नावाची वनस्पती असते, आणि ती ॲरिस्टोलोकियाच्याच कुळातली आहे. तुमच्या पुडीत ती आहे की नाही, असल्यास कुठला भाग, हे केंद्रानं लेखी सांगायला हवं. घटकांची पूर्ण यादी, उत्पादकाचं नाव आणि प्रयोगशाळेचा अहवाल मिळाला नाही तर विषय संपला. मिळाला तरी यादी आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्यांचा खर्चही मग त्यात धरावा लागेल, जो पॅकेजमध्ये कुणी सांगितलेला नसतो.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे : पेनकिलरचे १०-१२ दिवस. मी डॉक्टर नाही, पण हे जगभर मान्य झालेले निकष आहेत. मिश्र पेनकिलर (एका गोळीत एकाहून जास्त औषधं) किंवा ट्रिप्टान (खास मायग्रेनसाठीच्या गोळ्या) महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, साध्या पेनकिलर १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते. तुमची गोळी यांतली कुठली, हे डॉक्टरांना विचारा. गोळ्या मनानं एकदम बंद करू नका. आणि रोजची गोळी तुम्ही तीन आठवड्यांत सोडलीत. अशा गोळ्यांचा परिणाम जोखायला साधारण दोन महिने तरी लागतात. झोप येत असेल तर मात्रा कमी करून हळूहळू वाढवणं किंवा दुसरं औषध देणं हे डॉक्टरांच्या हातात आहे. मायग्रेन रोखायची बरीच जुनी औषधं स्वस्त आहेत. एका भेटीची फी हा या सगळ्यातला सर्वांत फायद्याचा खर्च ठरू शकतो, म्हणून पहिले पैसे तिथे जाऊ देत. (डोकेदुखीचा बाज अचानक बदलला, एका क्षणात असह्य दुखायला लागलं, ताप येऊन मान ताठ झाली किंवा हातापायातली ताकद गेली, तर सरळ रुग्णालय गाठा.)

उद्यापासून वहीत नोंद सुरू करा : दुखलं का, किती, गोळी घेतली का, काम बुडालं का. सुया सुरू करण्याआधी महिनाभराची नोंद हवीच. माणूस उपचाराला जातो तो त्रास टोकाला गेल्यावर, आणि त्यानंतर तो आपोआपही थोडा ओसरतो. वही नसेल तर त्याचं श्रेय सुयांना जाईल. आणि पहिली सुई टोचण्याआधीच वहीत लिहून ठेवा, की १० सिटिंगनंतरच्या महिन्यात दिवस १६ वरून ११ च्या खाली आले नाहीत तर मी थांबेन. नंतर ठरवायला गेलात तर, पडत्या शेअरमध्ये आणखी पैसे घालत राहणाऱ्यासारखं, गेलेल्या पैशांच्या मोहानं पुढचेही जातात.

पैसे कुठून आणायचे? तुमचं उत्पन्न अनियमित आहे, आणि ज्या महिन्यात डोकं जास्त दुखतं त्याच महिन्यात ते कमी होतं, म्हणून सहा महिन्यांचा निधी तुमच्यासाठी जेमतेम पुरेसा आहे. नोंदीच्या महिन्यात जे शिल्लक पडेल ते आधी वापरा. कमी पडलं तर निधीतून घ्या, पण निधी पाच महिन्यांच्या खाली जाऊ देऊ नका आणि घेतलेले पैसे पुढच्या सहा महिन्यांत परत भरा. केंद्रानं हप्त्यांची सोय दिली तरी घेऊ नका. सिटिंग थांबली तरी हप्ते थांबत नाहीत. दर सिटिंगला पैसे घ्यायला ते तयार नसतील, तर दुसरा ॲक्युपंक्चर करणारा शोधा.