टोमॅटोवर सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी केली की प्रकाशसंश्लेषण खरंच वाढतं का?

पानात जे अन्नद्रव्य कमी पडलंय तेच मारलं तर वाढतं. कमतरताच नसेल तर बाटलीवर काहीही छापलेलं असो, पैसे वाया.

आमच्या संगमनेर भागात चुनखडीच्या जमिनी आहेत. माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, टोमॅटोचा शेंडा पिवळा पडला, शिरा तेवढ्या हिरव्या. दुकानदाराने मॅग्नेशियम सल्फेट दिलं, का तर 'हरितद्रव्यात मॅग्नेशियमच असतं'. असतंच, कोण नाही म्हणतं? पण मॅग्नेशियम झाडात फिरतं. कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह एकदा पानात बसलं की फारसं हलत नाही, त्याची उणीव कोवळ्या पानांवर दिसते. हरितद्रव्यात लोह नसतं, पण लोहाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही. पानाने धरलेल्या उजेडाची ऊर्जा पुढे नेणाऱ्या प्रथिनांनाही लोह लागतं. आधी शेंडा बघा, एवढंच मी म्हणत होतो. अण्णा म्हणाले, "तू शिकलास म्हणून दुकानदाराला अक्कल नाही का?"

मॅग्नेशियम मारून झालं, शेंडा तसाच. मग मी १२ टक्क्यांचं चिलेटेड फेरस (पानाला घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला १ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारलं आणि कडेच्या सऱ्या मुद्दाम सोडल्या. काही दिवसांत नवी पानं हिरवी निघाली, सोडलेल्या सऱ्या पिवळ्याच राहिल्या. अण्णा आजही सांगतात की ढगाळ हवा गेली म्हणून प्लॉट सुधारला. ऊन काय सऱ्या बघून पडतं?

तुमची पानं पिवळी आहेत का आणि असली तर कुठली, ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही, ते आधी बघा. शेंड्याची पानं पिवळी होऊन वाटीसारखी वळली असतील आणि पानांखाली पांढरी माशी दिसत असेल तर तो व्हायरस आहे, त्याला कुठलंच खनिज चालत नाही. भर उन्हात फवारू नका, कडा करपतात. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एका पंपात नको, साका धरतो. आणि हो, फवारणीने जमिनीतली चुनखडी जात नाही, ती मुळांना लोह मिळू देत नाही, म्हणून पुढचा फुटवा परत पिवळा येऊ शकतो. ड्रिपमधून द्यायचं असेल तर ईडीडीएचए लोह (चिलेटेड लोहाचा एक प्रकार) घ्या. चढ्या सामूच्या (पीएचच्या) जमिनीत ईडीटीए हा दुसरा प्रकार टिकत नाही.

माती तपासून अहवाल घेऊनच दुकानात जा. तो न वाचता दुकानदाराने बाटली काढली तर दुकान बदला, मग तो कितीही जुन्या ओळखीचा असो.