टबाच्या आधी दाराची कडी

«ताई, आम्ही नागपुरात त्रिमूर्तीनगरात राहतो. घर सासऱ्यांनी बांधलेलं. खाली भाडेकरू, वर आम्ही आणि सासूबाई. त्यांचं वय ७९. दिवाळीनंतर त्या बाथरूममध्ये घसरल्या. मनगटावर निभावलं, प्लास्टरही निघालं. पण तेव्हापासून धाकटे दीर अमेरिकेहून रोज फोन करतात. तिकडे म्हाताऱ्या माणसांसाठी दार असलेला टब मिळतो, काठ न ओलांडता आत जाऊन बसता येतं, तसा आईसाठी बसवा, पैसे मी पाठवतो म्हणतात. एक ठेकेदार माप घेऊन गेला. रविवारपर्यंत ६० टक्के आगाऊ द्या, नाहीतर भाव वाढेल म्हणाला. सासूबाई म्हणतात, ‘मला त्या हौदात बसवू नका.’ यांचं म्हणणं, भाऊ एवढा खर्च करतोय तर तू मोडता घालू नकोस. रोज अंघोळीला त्यांना मी नेते, पण मला कोणी विचारत नाही. मी काय करू?»

प्रिय ताई,

रविवारी पैसे देऊ नका. बाकीचं नंतर बोलू, पण एवढं आज ठरवा. चार दिवसांत भाव वाढेल म्हणून घाई करणाऱ्या माणसाला घरातल्या म्हाताऱ्या माणसाची काळजी नसते.

आणि तुम्ही मोडता घालत नाही आहात. सासूबाईंचा ओला दंड रोज ज्या बाईच्या हातात असतो, तिला या घराने सगळ्यात आधी विचारायला हवं होतं.

दिरांचा हेतू चांगला आहे, वस्तूही वाईट नाही. ज्याचे गुडघे, सांधे धरलेत, ज्याला कोमट पाण्यात बसून बरं वाटतं, जो स्वतः उठू-बसू शकतो आणि ज्याची न्हाणी तळमजल्यावर आहे, त्याला तो टब खरंच सुखाचा. पण तो वापरायचा कसा हे तुमच्या घरात कोणी सांगितलेलं दिसत नाही. टबाच्या दारालाही काही इंचांचा उंबरा असतोच, पाय उचलावाच लागतो. आत जाऊन, दार लावून, कोरड्या टबात बसायचं आणि मग पाणी सोडायचं. अंघोळ झाली की पाणी पूर्ण जाईपर्यंत तसंच ओल्या अंगाने बसायचं, कारण भरलेल्या टबाचं दार उघडता येत नाही. आपल्याकडे डिसेंबरात सकाळी पारा दहाच्या खाली जातो. त्या थंडीत ७९ वर्षांच्या बाईने पाणी चढेपर्यंत आणि उतरेपर्यंत असं बसायचं. दार आत उघडणारं असेल तर पाण्याचा दाब त्याला घट्ट धरून ठेवतो. मध्येच चक्कर आली तर आधी पाणी सोडून द्यावं लागतं, मग माणूस बाहेर काढता येतो. गरम पाण्यात बसून एकदम उठलं की म्हातारपणी रक्तदाब पडतो, म्हणजे ही भीती मनाची नाही.

मग पाण्याचा हिशेब. दोनशे लिटरचा टब धरा. निम्मं पाणी कडक गरम लागेल, म्हणजे शंभर लिटर. घरात बहुधा २५ लिटरचा गिझर असेल. हिवाळ्यात तो एकदा तापायला अर्धा-पाऊण तास घेतो आणि इथे तो चारदा तापवायचाय. मे महिन्यात उलटंच. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटके देतं, तेव्हा गार पाणी मिसळायला आणायचं कुठून?

सगळ्यात मोठी गोष्ट वजनाची. पाण्याचे दोनशे किलो, टबाचे साधारण शंभर, वर माणूस. साडेतीनशे किलो एका चौरस मीटरच्या आसपास बसणार. घराच्या बाथरूमचा स्लॅब आपल्या मानकांप्रमाणे चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वापराचं वजन धरून आखतात. तुमची न्हाणी वरच्या मजल्यावर, घर जुनं, खाली भाडेकरू. ठेकेदाराने माप घेतलं, पण स्लॅबबद्दल एक शब्द काढला का? स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन बघितल्याशिवाय त्या खोलीत टब येता कामा नये. यात तडजोड करू नका.

आता सासूबाईंच्या ‘हौदा’कडे येते, कारण मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच शब्दात आहे.

माझी आई नागपुरातच, महाल भागातल्या जुन्या घरात राहायची. न्हाणीत पडल्यावर आम्ही भावंडांनी भिंतीला छान स्टीलची दांडी बसवून घेतली, आम्हाला सोयीची वाटली तिथे. आई तिला हातही लावायची नाही. मी रागावायचे. एकदा दाराशी उभी राहून नीट पाहिलं, तर पाटावरून उठताना तिचा हात जायचा नळाच्या तोटीकडे आणि बाहेर येताना टॉवेलच्या दांडीकडे. आमची दांडी त्या दोन्हींच्या मध्ये, तिच्या काहीच कामाची नव्हती. त्या दिवशी ती म्हणाली, ‘तू आत उभी असलीस की मला घाई होते.’ घाईत ती ओल्या फरशीवर पाय टाकायची आणि घसरायची. तिला लाज वाटत होती. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

तुमच्या सासूबाईंना पडण्याची भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती बहुतेक ही की आता आपल्याला कोणीतरी उचलून कशात तरी ठेवणार. म्हणून एक करा. दुपारी, न्हाणी अगदी कोरडी असताना, त्यांना अंगावरच्या लुगड्यातच आत न्या आणि म्हणा, ‘आई, पाण्याशिवाय अंघोळ करून दाखवा.’ कुठून आत येता, कुठे बसता, साबण कुठून घेता, उठता कशाला धरून, सगळं. त्यांचा हात भिंतीवर जिथे जिथे टेकेल तिथे खडूने खूण करा. दांड्या त्या खुणांवर बसवायच्या. भिंत चार इंची असेल तर प्लास्टिकची गिट्टी चालणार नाही, बोल्ट आरपार घालून पलीकडून पट्टी लावून घ्या. बसवल्यावर यजमानांना पूर्ण वजन टाकून ओढून बघायला सांगा.

पाट काढून टाका. इतक्या खालून उठणं हेच त्यांचं खरं संकट असणार. रबरी बूड आणि हात असलेली अंघोळीची खुर्ची, गुडघे काटकोनात राहतील अशा उंचीची. लांब नळीचा हँड शॉवर त्यांच्या हाताला लागेल असा. फरशी चकचकीत असेल तर खरखरीत घ्या, आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थर साबणाबरोबर किती निसरडा होतो ते तुम्ही जाणताच, तो आठवड्याला घासून काढा. गिझरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एवढ्यात सासूबाईंची अंघोळ दोन बादल्यांत सुखाने होईल.

हे करूनही त्या स्वतः म्हणाल्या की टबात बसायला आवडेल, इंजिनिअरनेही होकार दिला, तर जरूर बसवा. मात्र ठेकेदार नीट पारखून. त्याने वर्षभरापूर्वी बसवलेला टब स्वतः जाऊन बघा आणि त्या घरच्या म्हाताऱ्या माणसाशी बोला, मुलाशी नाही. दाराचं रबर खराब झालं तर इथे मिळेल का, किती दिवसांत, हे कागदावर घ्या. न्हाणीच्या दारातून टब आत जातो का, हे ऑर्डरच्या आधी मोजा. आगाऊ रक्कम द्यायचीच तर टबाच्या कंपनीच्या पक्क्या बिलासमोर द्या. वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवायच्या आधी दोन दिवस पाणी कोंडून ठेवायला सांगा आणि खालच्या भाडेकरूंना छत बघायला सांगा. शेवटचा हप्ता महिनाभर वापरून झाल्यावर. ‘असं कोणी करत नाही’ म्हणाला तर त्याला चहा देऊन निरोप द्या. पैसे घेऊन कोणी टाळाटाळ केलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. पण तिथे हातात कागद लागतो, तोंडी बोलणं चालत नाही.

राहिले दीर. त्यांच्याशी यजमानांमार्फत बोलू नका, तुम्ही स्वतः बोला. सात समुद्रापलीकडून आईसाठी काही करता येत नाही म्हणून ते त्या टबाला धरून बसलेत. त्यांना नकार देऊ नका, काम द्या. खडूच्या खुणांचे फोटो पाठवा, आईंना व्हिडिओवर बसवा आणि त्यांच्या तोंडून ऐकू द्या की त्यांना काय हवंय. खुर्ची, दांड्या, फरशी, इंजिनिअरची फी, सगळा खर्च त्यांनाच करू द्या. आणि यजमानांना आठवडाभर सकाळी आईंना न्हाणीच्या दारापर्यंत नेण्याचं काम सांगा. रागाने नाही. त्यांनी ते बघायला हवं म्हणून.

एक काम मात्र उद्याच करा. तुमच्या न्हाणीचं दार आत उघडतं की बाहेर? आत उघडत असेल तर त्या दारामागेच पडल्या तर दार ढकलता येणार नाही. सुताराला बोलावून ते बाहेर उघडणारं करून घ्या. आतली कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येणारी बसवा. मग सासूबाईंना सांगा की तुम्ही आतून खुशाल लावून घ्या, मी बाहेर खुर्ची टाकून बसलेय, हाक मारली तरच येईन.

तुमची,
ताई