बाबांना स्टेरॉइड आत्ताच सुरू करू का?

प्रश्न : डॉक्टर, बाबा ६८ वर्षांचे आहेत, शुगर आहे, कोरोना पॉझिटिव्ह आलेत. ताप आणि अंगदुखीचा आज तिसरा दिवस. आमच्या डॉक्टरांनी नुसती पॅरासिटामॉल दिलीये. ओळखीतल्या एकांना स्टेरॉइडने बरं वाटलं होतं, त्यांची चिठ्ठी आहे आमच्याकडे, तीच गोळी देऊ का? आईची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आहे पण घसा दुखतोय.

उत्तर : नका देऊ ताई, अगदी कळकळीने सांगतेय. पहिले काही दिवस व्हायरस शरीरात वाढत असतो आणि त्याच्याशी लढायला बाबांची प्रतिकारशक्तीच लागते, स्टेरॉइड नेमकी तीच दाबतं, वर शुगर भडकते ती वेगळीच. ज्यांचा आजार वाढतो त्यांचा बहुतेक पहिल्या आठवड्याच्या शेवटी किंवा दुसऱ्या आठवड्यात वाढतो, तेव्हा प्रतिकारशक्तीच बेफाम होऊन फुफ्फुसांना सूज आणते, आणि तिथे स्टेरॉइड जीव वाचवतं. २०२० च्या रिकव्हरी ट्रायलमध्ये (ब्रिटनमधल्या मोठ्या औषध-चाचणीत) डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काहीच फायदा दिसला नाही. (दुसऱ्या आजारासाठी आधीपासून स्टेरॉइड चालू असेल तर मात्र स्वतःहून बंद करू नका.)

त्यापेक्षा आजच डॉक्टरांना अँटिव्हायरलबद्दल, म्हणजे व्हायरसची वाढ रोखणाऱ्या औषधाबद्दल विचारा. वय आणि शुगर बघता बाबा हाय रिस्कमध्ये येतात, आणि पॅक्सलोविड ही अँटिव्हायरल गोळी लक्षणं सुरू झाल्यापासून ५ दिवसांच्या आत सुरू करावी लागते, म्हणजे वेळ फार नाहीये. कोलेस्टेरॉलच्या, रक्त पातळ करायच्या अशा बऱ्याच गोळ्यांशी तिचं जमत नाही, म्हणून चालू असलेली सगळी औषधं आणि किडनीचा रिपोर्ट सोबत न्या. अँटिबायोटिकचा कोरोनावर उपयोग नाही.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन दिवसातून तीन-चारदा बघा, पाच मिनिटं शांत बसवून, हात गरम असताना. ९४ च्या खाली राहिला तर लगेच डॉक्टरांना फोन, ९० च्या खाली गेला, धाप लागली, छातीत दुखलं किंवा बाबा गोंधळल्यासारखे वागले तर थेट हॉस्पिटल. दम लागत नाहीये म्हणून निवांत राहू नका, कोरोनात ऑक्सिजन बराच उतरला तरी कधीकधी माणसाला जाणवत नाही.

आईंची टेस्ट ४८ तासांनी परत करा, सुरुवातीला ती बऱ्याचदा चुकीची निगेटिव्ह येते. तोवर त्या पॉझिटिव्हच आहेत असं धरा, खिडक्या उघड्या ठेवा आणि बाबांच्या खोलीत जाताना एन-९५ लावा, नाकावर घट्ट बसलेला.