वाचकांचे प्रश्न : शिकवलेला मुलगा टिकत नाही, मग शिकवायचे कशाला?

प्रश्न : कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझे मशीन शॉप आहे. कंत्राटी धरून ३८ माणसे कामाला आहेत. आयटीआयचा मुलगा घेतला, तर मायक्रोमीटर (सूक्ष्म मापे घेण्याचे साधन) नीट वाचता येईपर्यंत एक महिना आणि व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर, एकटा सोडता येईपर्यंत सहा महिने जातात. हाताशी आला, की तो चाकणला निघून जातो. आता आमचे सल्लागार सांगतात, की शिकाऊ उमेदवार घेणे मला बंधनकारक आहे. हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर दुसऱ्याच्या कारखान्यासाठी मी माणसे का घडवावीत?
— एक लघुउद्योजक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या सल्लागारांचे म्हणणे बरोबर आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा असला, तरी त्याखालील नियम २०१९ मध्ये बदलले आणि पूर्वी ४० माणसांच्या कारखान्याला असलेली सक्ती ३० माणसांच्या कारखान्यालाही लागू झाली. या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले जातात. एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यायचे असतात. आपल्या ३८ माणसांवर अडीच टक्क्यांचा हिशेब केला, तर तो जेमतेम एका मुलाचा होतो. ज्या सक्तीची आपण धास्ती घेतली आहे, ती एवढीच आहे.

आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराचे किमान विद्यावेतन त्याच नियमांनी दरमहा ७,००० रुपये ठरवले. करार करण्यापूर्वी चालू दर शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर अवश्य पाहून घ्यावा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेतून या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, पण महिन्याला १,५०० रुपयांपर्यंतच, केंद्र सरकार उचलते. पूर्वी हा परतावा मालकाने मागून घ्यायचा असे. २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होऊ लागला, त्यामुळे छोट्या कारखानदाराची बरीच कागदपत्रे वाचली.

आपला दुसरा प्रश्न जुना आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६०च्या दशकात नेमका हाच पेच मांडला होता. जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात उपयोगी पडते, ते शिकवण्याचा खर्च एकट्या मालकाने करावा असे त्याला कधीच वाटणार नाही. तो खर्च कमी वेतनाच्या रूपाने शिकणाराच सोसतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे लक्षात घेतले, तर आपली तक्रार थोडी वेगळी दिसू लागते. वर्षभर सात हजारांवर आठ-आठ तास उभा राहणारा मुलगा आपल्या शिक्षणाची किंमत रोजच चुकवत असतो. आपल्या पत्रात मायक्रोमीटर आहे, सहा महिन्यांचा हिशेब आहे, चाकण आहे. पण उमेदवारीचा काळ संपल्यावर त्या मुलापुढे आपण किती पगार ठेवला, याचा उल्लेख मात्र कुठेही नाही. व्हीएमसी चालवणाऱ्याला हेल्परपेक्षा हजार-दीड हजार रुपयेच अधिक मिळणार असतील, तर त्याने कोल्हापुरातच राहावे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

उद्योजकांच्या बैठकांमध्ये मी अनेक वर्षे बसलो आहे आणि ‘आयटीआयच्या मुलांना काही येत नाही’ हे वाक्य ऐकले नाही अशी एकही बैठक मला आठवत नाही. त्यात तथ्य आहे, हे नाकारता येणार नाही. आजही अनेक संस्थांतील मुले जुन्या लेथवरच हात बसवतात, निदेशकांची (शिकवणाऱ्यांची) पदे रिकामी राहतात आणि सरावासाठी लागणारा कच्चा माल मोजूनमापून मिळतो. परंतु हे बदलण्याची संधी उद्योगांना मिळाली नव्हती, असेही नाही. २००७-०८ पासून केंद्राने देशभरातील १,३९६ शासकीय आयटीआयसाठी आखलेल्या योजनेत संस्था व्यवस्थापन समित्या स्थापन झाल्या. समितीचे अध्यक्षपद उद्योगातील भागीदाराकडे दिले गेले आणि समितीला अडीच कोटी रुपयांपर्यंतचे बिनव्याजी कर्ज देण्याची सोय झाली. ज्या थोड्या समित्यांचे कामकाज मी जवळून पाहिले, त्यांतील एका अध्यक्षांनी स्वतःच्या कारखान्यातील अनुभवी सेटर (यंत्राची जुळणी करणारा कारागीर) दर शनिवारी संस्थेत पाठवला, आणि त्या संस्थेच्या मुलांची नोकरी शेवटच्या परीक्षेपूर्वीच ठरलेली असे. इतर ठिकाणी अध्यक्ष महोदय वर्षातून दोनदा सही करण्यापुरते येत. मनुष्यबळ तयार मिळावे, पण ते तयार करणाऱ्या जागेत आपला एक तासही जाऊ नये, ही वृत्ती मला अभ्यासक्रमाच्या जुनेपणापेक्षा अधिक घातक वाटते.

आपल्याकडे या विषयावर बोलताना जर्मनीचा दाखला हमखास दिला जातो, पण तो अर्धाच दिला जातो. तेथील दुहेरी पद्धतीत मुलगा आठवड्यातील तीन-चार दिवस कारखान्यात आणि उरलेले दिवस शाळेत शिकतो, एवढे सर्वजण सांगतात. मात्र तेथे प्रत्येक कंपनीला उद्योग मंडळाचे सभासद व्हावे लागते, परीक्षा ते मंडळच घेते आणि अनेक उद्योगांत वेतनश्रेणी सामूहिक कराराने ठरते, हे सांगायचे राहून जाते. शेजारच्या कारखानदाराला थोडे जास्त देऊन मुलगा पळवणे तितके सोपे नसते, किंवा पळवला तरी अनेकदा त्यानेही स्वतःचे मुलगे शिकवलेले असतात. त्यामुळे तेथील मालकाला शिकवणे परवडते. आपल्याकडे ही बांधणी नाही. कायद्यातील अडीच टक्क्यांची अट हा तिचाच एक कच्चा पर्याय आहे, आणि वसाहतीतील सगळ्यांनी ती पाळली, तर पळवापळवीचा तोटा आपोआप वाटून घेतला जातो.

एक गोष्ट मात्र आपल्या हाती आहे. मुलगा रुजू होईल त्या दिवशीच त्याला एका जुन्या कारागिराच्या हाताखाली द्यावे आणि पुढील बारा महिन्यांत तो काय काय शिकणार, म्हणजे ड्रॉइंग वाचणे, इन्सर्ट (हत्याराचे कापणारे पाते) बदलणे, ऑफसेट (यंत्राला मापाची दुरुस्ती) देणे, पहिला नग तपासून पास करणे, हे एका कागदावर लिहून भिंतीला लावावे. त्याच कागदावर ‘हे सर्व जमले तर पगार अमुक’ असा आकडाही असावा. त्या कारागिराच्या उत्पादनाचे लक्ष्य तेवढ्या काळापुरते कमी करावे लागेल, नाहीतर तो मुलाला फक्त झाडू आणि चहा यांच्याच कामाला लावील, आणि त्यात त्या कारागिराचा दोष नसेल.

प्रश्न : मी इलेक्ट्रिशियन ट्रेड उत्तीर्ण आहे आणि वाळूजच्या एका कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून सात महिने झाले. तीन महिन्यांपासून मला पॅकिंगला उभे केले आहे. जादा वेळ थांबवतात. वर्ष पूर्ण झाल्यावर कंपनी मला कायम करण्यास बांधील आहे का?
— एक प्रशिक्षणार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो, आणि करारातच तशी अट नसेल, तर कलम २२ प्रमाणे त्याला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. मात्र उमेदवारी पूर्ण केलेल्यांना नोकरीत घेण्याबाबत प्रत्येक मालकाने स्वतःचे धोरण ठरवले पाहिजे, अशी तरतूद २०१४ च्या दुरुस्तीने आली आहे. ते धोरण काय आहे, हे मनुष्यबळ विभागाला लेखी विचारण्यास तुम्हाला कोणतीही आडकाठी नाही.

आधी एक खात्री करून घ्या. तुमचा करार शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का, आणि त्यावर ट्रेड इलेक्ट्रिशियनच लिहिला आहे का? ‘ट्रेनी’ या एकाच शब्दाखाली कंत्राटदाराची माणसेही कामाला लावली जातात, आणि त्यांना या कायद्याचे संरक्षण नसते. करार नोंदलेला असेल, तर तुमच्या बाजूने बरेच काही आहे. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखालील सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय तुम्हाला जादा वेळ थांबवता येत नाही आणि नगाच्या हिशेबाने पैसे तर देताच येत नाहीत. कारखान्यात इजा झाली, तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकाचीच राहते. पॅकिंगला लावलेल्या दिवसांची नोंद तारखेसह ठेवा, प्रथम प्रशिक्षण अधिकाऱ्यांना भेटा, आणि दाद न मिळाल्यास जिल्ह्याच्या मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्रात अर्ज द्या. वर्षाच्या शेवटी परीक्षा तुम्हाला वायरिंग आणि मोटर यांवर द्यायची आहे, आणि हे तुमच्या कंपनीलाही ठाऊक आहे. सात महिने झाले असतानाच अर्ज करणे अकराव्या महिन्यात करण्यापेक्षा केव्हाही बरे.

प्रश्न : मुलाला दहावीला ६४ टक्के मिळाले. फिटरला घालावे, की थेट पदविकेला? कंपन्या आयटीआयवाल्याला कमी लेखतात असे सगळे सांगतात.
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, सगळे सांगतात त्यात तथ्य आहे. अनेक कंपन्या फिटरच्या कामासाठीही पदविकाधारक मागतात, कारण पदविकावाले स्वस्तात मिळू लागले आहेत; काम बदललेले नसते, बदललेली असते ती फक्त जाहिरात. परंतु फिटरचा दोन वर्षांचा ट्रेड उत्तीर्ण झाल्यावर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, त्यामुळे आज आयटीआय निवडली म्हणून पुढचे दार बंद होत नाही. मुलाला हत्यारे हाताळण्याची आवड असेल, तर फिटरला घालावे. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेच्या कार्यशाळेत एकदा स्वतः जाऊन यावे, किती यंत्रे चालू आहेत ते मोजावे, आणि मागील वर्षीची मुले कोणत्या कारखान्यांत उमेदवारीला गेली, ते तेथील निदेशकांना विचारावे.