पंक्चर 'काढतात' म्हणजे नेमकं काय करतात?

सहावीतल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं, 'बाबांनी सायकलचं पंक्चर काढून आणलं.' शिक्षकांनी 'काढून' खोडून तिथं 'दुरुस्त करून' लिहिलं. पंक्चर म्हणजे भोक. भोक बुजवतात, काढत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आईनं विचारलंय की 'पंक्चर काढणे' हे खरंच चुकीचं मराठी आहे का?

अजिबात नाही. उलट हा प्रयोग अस्सल मराठी वळणाचा आहे, आणि तो खोडला गेला याचं मला वाईट वाटलं.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं: टायरमध्ये घुसलेला काटा किंवा खिळा काढतात, म्हणून 'पंक्चर काढणे'. मला ते पटत नाही. दुकानात काय होतं ते आठवा. ट्यूब बाहेर ओढायची, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात थोडी थोडी दाबत फिरवायची. बुडबुडे आले की जागा सापडली. ती पुसून, कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं घासून खरखरीत करायची, सोल्यूशन लावायचं, ते जरा सुकू द्यायचं आणि मग ठिगळ चिकटवून ठोकायचं. टायरच्या आतून बोटं फिरवून बाभळीचा काटा शोधणं हे यातलंच, पण वेगळं काम. काटा हातात आला तरी आपण म्हणतो, 'काटा निघाला, पंक्चर काढायचं राहिलंय.' शिवाय हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटलं आणि रिमखाली ट्यूब चिमटली, तर काटा नसतोच. तेव्हाही आपण पंक्चर काढूनच आणतो.

खरं कारण 'काढणे' या क्रियापदात आहे. त्याच दुकानात चाकाचा 'आऊट काढतात', म्हणजे आऱ्या कमी-जास्त ताणून डुगडुगणारं चाक सरळ करतात. शेजारच्या गॅरेजात पत्र्याचा पोचा काढतात. घरी कपड्याच्या सुरकुत्या काढतो, दोऱ्याचा गुंता काढतो, वाकलेल्या सळईचा बाक काढतो. पोचा म्हणजे पत्र्यात पडलेला खळगा. तो काही उचलून बाजूला ठेवता येत नाही. सुरकुतीही नाही. इथं 'काढणे'चा अर्थ वस्तूत आलेला दोष नाहीसा करणे असा आहे. पंक्चर याच घरात येऊन बसलं. भोक ही वस्तू नाही हे खरं, पण मराठीच्या लेखी तो ट्यूबला आलेला दोष आहे, आणि दोष काढता येतो.

गंमत पुढे आहे. दोष माणसाचा किंवा त्याच्या कामाचा असेल, तर हेच क्रियापद उलट्या बाजूनं चालतं. चुका काढणे, खोट काढणे, उणीदुणी काढणे यात काहीच नाहीसं होत नाही. लपलेलं उघड्यावर येतं. 'मुद्रितातल्या चुका काढल्या' हे वाक्य तर दोन्ही अर्थांनी लागतं: दाखवून दिल्या किंवा दुरुस्त केल्या. प्राकृतातल्या 'कड्ढइ' या रूपाचा अर्थ 'ओढतो, खेचतो'. आतलं बाहेर ओढणं हा मूळ भाव धरला की दोन्ही अर्थ त्यातूनच फुटलेले दिसतात.

त्याचं जोडीचं अकर्मक क्रियापद 'निघणे'. 'डाग निघाला' म्हणजे गेला. 'चुका निघाल्या' म्हणजे सापडल्या. पंक्चरच्या बाबतीत दोन्ही चालतं. 'किती पंक्चरं निघाली?' हा प्रश्न शोधाचा आहे. 'पंक्चर निघालं का? निघू का मी?' यातला कामाच्या पूर्ततेचा.

हिंदीभाषक याच कामाला 'पंचर बनाना' किंवा 'पंचर लगाना' म्हणतात. 'लगाना'मध्ये लक्ष ठिगळावर आहे, जणू पंचर हे ठिगळाचंच नाव. आपलं लक्ष दोषावर. दोन्ही भाषा आपापल्या जागी बरोबर, आणि तर्काची फूटपट्टी लावली तर दोन्ही सारख्याच अडतील.

शब्द स्वतः लॅटिनमधल्या 'टोचणे' या अर्थाच्या धातूवरून इंग्रजीत आला. ॲक्युपंक्चरमध्येही तोच आहे. सायकलला तो चिकटला हवेच्या टायरमुळे. बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानं १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं आणि मग असं टायर सायकलींवर सर्रास दिसू लागलं. 'काढणे' हे क्रियापद नोंदवणाऱ्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची सुधारित आवृत्ती १८५७ची, म्हणजे त्याच्या ३१ वर्षं आधीची. नवा शब्द आला तेव्हा 'काढणे' आपल्याकडे केव्हाचं रुळलेलं होतं. त्याच्यासाठी वेगळं क्रियापद घडवावं लागलं नाही.

पाट्यांवर 'पंचर' दिसतं, कारण 'क्च' हे जोडाक्षर आपल्या जिभेला परकं. बोलताना 'पंचर' म्हणावं, लिहिताना 'पंक्चर'. त्यात अडचण काहीच नाही.

निबंधातलं वाक्य जसंच्या तसं ठेवावं. 'दुरुस्त करून आणलं' हेही चुकीचं नाही, फक्त तसं घरात कुणी म्हणत नाही. आणि शिक्षकांना एक वाक्य जरूर दाखवावं: 'ट्यूबला तीन पंक्चरं निघाली, पण त्यानं दोनच काढली.' यात 'निघाली' आणि 'काढली' दोन्हीच्या जागी 'दुरुस्त' घालून पाहा म्हणावं.