जुन्या पद्धतीचं चॉकलेट फज घरी केलं की दरवेळी रवाळ का होतं? थर्मामीटर लागतोच का, आणि कोको कोणता घ्यावा?

कोणीतरी ढवळलं म्हणून.

तुम्ही स्वतः ढवळलं असेल किंवा घरातल्या कोणी मदत म्हणून ढवळलं असेल. दोष मात्र दरवेळी साखरेवर जातो. साखर जाड होती, नीट विरघळली नाही, कोको जुना होता, वगैरे. अहो, फज म्हणजे दूध-साखरेचा पाक घोटून केलेली मऊ वडी, आणि तो पाक 114 अंशांपर्यंत उकळला म्हणजे पातेल्यातली साखर विरघळलेलीच असते. दाणा पडतो तो गॅस बंद केल्यावर, पाक गरम असताना कोणी चमचा घातला की. गरम पाक पातळ असतो, त्यात थोडेच कण धरतात आणि आजूबाजूची सगळी साखर त्यांच्यावरच चढत जाते. कण मोठे होतात आणि जिभेला रवा लागतो. तोच पाक कोमट होईपर्यंत तसाच राहू दिला तर तो दाटतो, आणि मग घोटायला लागलं की एकदम असंख्य कण धरतात. साखर इतक्या जणांत वाटली जाते की कोणीच मोठा होत नाही. चांगल्या फजमध्येही साखरेचे कणच असतात, फक्त ते जिभेला जाणवत नाहीत.

हे मी इतक्या तावातावाने लिहिते आहे त्याला कारण आहे. पुतण्याच्या वाढदिवसाला मी फज करायला घेतलं होतं. पाक उतरवला, वर लोण्याचा तुकडा सोडला, पातेलं ओट्याच्या कडेला ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं की याला हात लावायचा नाही. फोन आला म्हणून बाहेर गेले. परत येऊन बघते तर माझ्या थोरल्या जाऊबाई पातेल्यापाशी उभ्या राहून लाकडी कलथ्याने छान ढवळताहेत. "अगं, खाली लागलं असतं ना! दुधाचं काही करायचं म्हणजे हात फिरता हवा." गॅस बंद होता, तो मी त्यांना दाखवलाही. त्या म्हणाल्या, पातेलं गरम असतंच की.

फज अर्थातच रवाळ झालं. ते पुन्हा पातेल्यात घालून सुधारता येतं (कसं ते खाली लिहिते), पण तोवर त्यांनी ते ताटात थापून वड्याही पाडल्या होत्या. पाहुण्यांसमोर वर म्हणाल्या, "हिच्याकडून साखर विरघळायची राहिली बहुतेक." तेव्हापासून घरात कुठलाही कार्यक्रम ठरला की "फज नको हं, हिला ते जमत नाही" हे वाक्य ठरलेलं.

शेवटी मी त्यांच्यासमोर एकाच पाकाचे दोन भाग केले. एक गरम असताना त्यांनी ढवळायचा, दुसरा तसाच ठेवून मी नंतर घोटायचा. त्यांचा भाग बघता बघता आळला आणि कडेने भुरभुरायला लागला. माझा तासाभराने घोटला तर सुरीला लोण्यासारखा कापला गेला. दोन्ही चाखून जाऊबाई म्हणाल्या, "तुझं मऊ आहे, पण मला मेलं रवाळच आवडतं." यावर काय बोलणार?

असो. तुमची कृती मला माहीत नाही, मी माझी सांगते. 400 ग्रॅम साखर, 180 मिली सायीचं दूध, 50 ग्रॅम बिनसाखरेचं चॉकलेट किंवा तेवढ्याला साजेसा कोको, चिमूटभर मीठ. साखर विरघळेपर्यंत मंद आचेवर मनसोक्त ढवळा, त्याला माझी ना नाही. उकळी आली की दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा. वाफेने पातेल्याच्या कडांना चिकटलेली साखर धुऊन निघते. ती तिथेच राहिली आणि नंतर पाकात पडली तर कोणी न ढवळताही दाणा धरतो. जाड बुडाचं पातेलं आणि बेताची आच असेल तर पुढे ढवळायची गरज पडत नाही. फार तर तळाशी एखाद-दुसरा हलका हात फिरवा.

112 ते 116 अंश सेल्सिअसच्या मध्ये उतरवायचं. मी 114 ला उतरवते. मग 30 ग्रॅम लोणी वर सोडायचं, पण मिसळायचं नाही. पातेल्याचं बूड हाताला कोमट लागलं, म्हणजे साधारण 45 अंश झालं, की व्हॅनिला घालून घोटायला लागा. हात भरून येतो. चकाकी गेली की त्याच क्षणी तूप लावलेल्या डब्यात ओता, पातेलं खरवडत बसू नका.

थर्मामीटर लागतोच असं नाही. गार पाण्यात थेंब टाका. बोटांनी त्याची मऊ गोळी वळली आणि पाण्याबाहेर काढल्यावर ती बसून चपटी झाली, तर पाक झाला. थर्मामीटर असेलच तर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. तो 100 ऐवजी 98 दाखवत असेल तर तुमचं 114 म्हणजे त्याचं 112. उंचावर राहत असाल तरी हाच हिशोब, कारण दर 300 मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. थर्मामीटर विकत आणून तो एकदाही न तपासणारे लोक मला कळत नाहीत.

कोको कुठलाही घ्या, बिनसाखरेचा असला म्हणजे झालं.

कंडेन्स्ड मिल्क आणि चॉकलेट मायक्रोवेव्हमध्ये वितळवून जे करतात ते फज नाही. तिथे साखरेचं काही घडतच नाही, गार झाल्यावर चॉकलेट घट्ट होतं इतकंच. (जाऊबाई हल्ली तेच करतात. मुलांना आवडतं, हे मान्य.) कंडेन्स्ड मिल्क घालून रीतसर पाक उकळणारेही आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही.

रवाळ झालेलं टाकू नका. पातेल्यात परत घालून अर्धा-पाऊण कप पाणी ओता, मंद आचेवर पूर्ण विरघळवा आणि पुन्हा 114 पर्यंत न्या. चमचाभर ग्लुकोज सिरप घातलं तर दाणा सहज धरत नाही. जास्त घातलं तर मात्र फज आळतच नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण प्रश्नात तुम्ही "जुन्या पद्धतीचं" म्हटलंय. फजचे सर्वांत जुने उल्लेख 1880 च्या दशकातले, अमेरिकेतले. व्हॅसार या तिथल्या मुलींच्या कॉलेजात शिकलेल्या एमिलिन हार्ट्रिज यांच्या पत्रात 1886 साली बाल्टिमोरमध्ये ते 40 सेंट पौंड विकलं जात असल्याचं आहे, आणि 1888 साली त्यांनी स्वतः कॉलेजच्या लिलावासाठी 30 पौंड केलं होतं. त्या कॉलेजच्या नावाने जी जुनी कृती चालत आली आहे तिच्यात थर्मामीटर नाही. थोडंसं बशीत घेऊन घोटून बघायचं, इतकंच. आणि त्याच कृतीत, पातेल्यात चॉकलेट पडल्यापासून जोरजोरात आणि सतत ढवळत राहा, उतरवल्यावरही पार गार होईपर्यंत घोटत राहा, असं सांगितलेलं आहे. जाऊबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही.