विषबाधेच्या पेशंटबद्दल डॉक्टर ‘७२ तास काही सांगता येत नाही’ असं का म्हणतात?

ताई, तुमच्या दिराला फवारणीच्या औषधाची विषबाधा झालीय, काल तो बोलत होता, तरी डॉक्टर खात्री देत नाहीत, म्हणून तुम्ही विचारलंय. मी सोलापुरात कॅज्युअल्टीत नर्स आहे. मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडून असे पेशंट येतात आणि दारातच नातेवाईक हेच विचारतात. डॉक्टर तुम्हाला टाळत नाहीयेत.

किती औषध पोटात गेलं यावर आमची फारशी भिस्त नसते. घाबरलेल्या माणसांना ते नेमकं सांगता येत नाही. बाटली मात्र आणाच. लेबलवरच्या घटकाच्या नावावरून पुढचे उपचार ठरतात. धोका किती, ते शरीर सांगतं. ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातलं औषध असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, स्नायू कातडीखाली थरथरतात. श्रीलंकेतल्या पेरादेनियाच्या नावाने एक मोजपट्टी आहे. बाहुली, श्वास, नाडी, थरथर आणि शुद्ध यांना प्रत्येकी ० ते २ गुण, झटके आले तर आणखी १. एकूण ११ पैकी ८ किंवा जास्त म्हणजे गंभीर. शुद्ध किती आहे ते मोजायला जीसीएस नावाचे वेगळे गुण असतात, ३ ते १५. ते जितके कमी तितकी काळजी जास्त. शिवाय रक्तातली आम्लता, ऑक्सिजन, बीपी आणि दवाखान्यात पोचायला किती वेळ गेला, हेही बघतात.

पण हे गुण आल्या वेळचे. या गटाच्या विषात साधारण २४ ते ९६ तासांत दुसरा धोका येतो, म्हणूनच डॉक्टर ‘७२ तास’ म्हणतात. ॲट्रोपिन या विषावरच्या औषधाने फेस थांबलेला असतो, पेशंट ओळखतो, बोलतो, आणि मानेचे, श्वासाचे स्नायू ढिले पडू लागतात. म्हणून मी दर राउंडला सांगते, “दादा, उशीवरून डोकं उचला बघू.” सकाळी सहज उचललेलं डोकं दुपारी दोन बोटंसुद्धा उठलं नाही, की लगेच डॉक्टरांना बोलावते. त्यानंतर छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. अशा वेळी व्हेंटिलेटर लागला म्हणजे आशा संपली असं मुळीच नाही. त्यावरून उतरून चालत घरी गेलेले पेशंट मी पाहिलेत.

डॉक्टरांना नेमकं विचारा: मान उचलतोय का, श्वास कसा आहे, कोणत्या गटाचं औषध आहे. तोंडाने काही भरवू नका. आणि त्याने ते जाणूनबुजून घेतलं असेल तर आत्ता जाब विचारू नका, जवळ बसा. डिस्चार्जआधी मानसोपचार डॉक्टरांना भेटवाच. घरी गेल्यावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. तुम्हालाही बोलावंसं वाटलं तर लावा.